साडेनऊ फेऱ्या

"साडेनऊ?" वीबे हुकस्त्राने कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग पुन्हा लांब नेला. आकडा तसाच राहिला. "माझ्या एका घरापायी रोज साडेनऊ फेऱ्या?"

"तक्त्यात तसंच आहे, ओम वीबे," डार्लीन म्हणाली. "गाडी बाहेर गेली की एक, आत आली की दुसरी. अशा घरटी साडेनऊ."

"आणि ही अर्धी कुठली? माणूस गेला तो परत आलाच नाही, अशी?"

"सरासरी असते ती."

"चार वर्षांपूर्वी आमच्या घरातनं तशी एक फेरी झाली. तिचे पैसे कोणी मागितले नव्हते."

डार्लीनने उगाचच टेबलावरचे कागद सारखे केले. अमेरिकेतल्या नॉर्डवेल्ड या डच वस्तीच्या गावात सत्तरी उलटलेल्या प्रत्येक पुरुषाला 'ओम' म्हणतात. ओम म्हणजे काका. मंत्राशी त्याचा काही संबंध नाही, आणि वीबेशी पाच मिनिटं बोलल्यावर तोंडात जे येतं त्याला मंत्र म्हणत नाहीत. डार्लीन मात्र कधी तोल सोडायची नाही. नगर कचेरीत घराचे परवाने तीच द्यायची, कुत्र्यांचे बिल्लेही तीच, आणि हिवाळ्यात बर्फ काढायची गाडीही तीच चालवायची, त्यामुळे सगळ्या गावाची चिडचिड तिच्या अंगवळणी पडली होती.

प्रकरण असं होतं. नवं घर बांधलं की रस्त्यावर गाड्या वाढतात, तेव्हा रस्ते रुंद करायचा खर्च नव्या घरानं उचलावा, असा ठराव नगरसभेने त्या मार्चमध्ये केला. सभेतल्या पाचही जणांची घरं जुनी होती, म्हणून ठराव एकमताने झाला. दर फेरीमागे चारशे चाळीस डॉलर. साडेनऊ फेऱ्यांचे चार हजार एकशे ऐंशी.

वीबेकडे बँकेत चार हजार दोनशे होते, पण ते ओसरीचे होते. त्याची बायको आल्ट्ये शेहेचाळीस वर्षं म्हणत होती, घराला पुढे एक ओसरी असावी, संध्याकाळी दोन खुर्च्या टाकून बसावं. शेहेचाळीस वर्षं वीबे म्हणाला, "पुढल्या वर्षी." मग ती गेली. त्याने गाई विकल्या, मोठं घर आणि जमीन रासबेरीवाल्याला विकली, कोपऱ्यातला एक तुकडा ठेवला आणि त्यावर दोन खोल्यांचं घर बांधलं. या वेळी नकाशात ओसरी काढलेली होती. घर पुरं झालं, तो राहायलाही आला, फक्त ओसरी बाकी होती. त्यामुळे पुढचं दार उघडलं की समोर तीन फूट हवा लागायची. सध्या खाली दुधाच्या बाटल्यांचा एक खोका पालथा घातला होता.

"माझ्याकडे काळं कुत्रंसुद्धा फिरकत नाही," वीबे म्हणाला.

हे तंतोतंत खरं नव्हतं. शेजारच्या गेर्ट्ये प्लांटिंगाचं कुत्रं काळंच होतं आणि रोज सकाळी त्या खोक्यावर तंगडी वर करून जायचं. माणसांच्या बाबतीत मात्र म्हणणं बरोबर होतं. आल्ट्ये गेल्यापासून वीबेने एकेकाशी पद्धतशीर भांडण उरकलं होतं. चर्चच्या समितीशी नव्या गालिच्यावरून, न्हाव्याशी दरावरून. सीत्से तेर्पस्त्राशी कुंपणावरून तर अकरा वर्षं अबोला होता, पण ते भांडण आल्ट्येच्या हयातीतलं, म्हणजे जुनं आणि मुरलेलं.

"मग मोजणी मागा," डार्लीन म्हणाली. "कलम सात. तुमच्या वाटेवर रबरी नळी टाकायची, दहा दिवस. गाडी गेली की यंत्र मोजतं. सरासरी निघेल तेवढेच पैसे. पण ओम वीबे, निघेल तो आकडा दोघांवर बंधनकारक. कमी निघाला तरी आणि जास्त निघाला तरी."

"जास्त!" वीबे हसला. चार वर्षांत त्याला कोणी हसताना पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून कोणाचं काही अडलंही नसतं. "आण तो कागद."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याने सही केली.

सोमवारी सकाळी डार्लीन बूट घालून आली, वीबेची वाट जिथे हमरस्त्याला मिळते तिथे तिने नळी आडवी ठोकली, यंत्राची पेटी खांबाला कुलूप लावून बांधली आणि गेली. वीबेने आपली गाडी आधीच नळीच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली होती. कुत्रं नळीवरून गेलं. यंत्राने त्याची दखल घेतली नाही, तेव्हा वीबेचा विश्वास बसला. त्याने खिडकीशी खुर्ची ओढली आणि मांडीवर वही घेतली. कोण आलं ते लिहायचं, पुरावा म्हणून.

तरीही खबरदारी म्हणून त्याने गेर्ट्येला फोन केला. मोठीच चूक केली.

गेर्ट्ये ही गावच्या प्रार्थनासाखळीची पहिली कडी. गावात कोणी आजारी पडलं की गेर्ट्येने दोघींना फोन करायचा, त्यांनी पुढच्या दोघींना. असे तेवीस फोन झाले की सगळी मंडळी एकाच वेळी देवाला साकडं घालते. देवापर्यंत बातमी कशी पोहोचते ते त्यालाच ठाऊक, पण गावात ती वाऱ्याच्या आधी पोहोचते.

"गेर्ट्ये, सगळ्यांना सांग. माझ्याकडे कोणी यायचं नाही. दहाच दिवस. पुढचं पुढे बघू."

"अरे पण का?"

"मोजतायत."

"काय मोजतायत?"

"दिवस मोजतायत, दहा! सांगितलं तेवढं कर ना." आणि त्याने फोन ठेवला.

गेर्ट्येने प्रामाणिकपणे सांगितलं: वीबेकडे दहा दिवस कोणी जाऊ नका. पाचव्या फोनला ते झालं, वीबेला कोणी भेटायला नको आहे. बाराव्या फोनला, वीबे कोणाला भेटायच्या अवस्थेत नाही. तेविसावा फोन पाळकाच्या बायकोला गेला तेव्हा बातमी पक्की झाली होती: वीबेचे दहाच दिवस मोजलेत, पुढचं देवाच्या हाती.

मंगळवारी सकाळी नऊला पहिली गाडी नळीवरून खडखडत आली. गाडीतून न्हाव्याची बायको उतरली, हातात काचेचं खोल भांडं, त्यात बटाटे, हॅम आणि वर चीजची साय. नॉर्डवेल्डमध्ये कोणी मरायला टेकलं की लोक काय बोलावं ते न सुचून बटाटे भाजतात.

"काही बोलू नकोस, वीबे," खोक्यावर चढत ती म्हणाली. "ह्यांनी सांगितलंय, शेवटच्या कटिंगचे पैसे माफ."

"अगं, गाडी काढ! आधी गाडी काढ!"

"भ्रमात आहे," असं तिने रस्त्यात भेटलेल्या पुढच्या गाडीला सांगितलं. पुढच्या गाडीत शेवयांचं पुडिंग होतं.

दुपारपर्यंत अकरा भांडी आली. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी आणि पट्टीवर नाव, कारण भांडं परत करायचं असतं. वीबेच्या ध्यानात आलं की एक भांडं म्हणजे येण्याच्या-जाण्याच्या दोन फेऱ्या, आणि भांडं न्यायला ती बाई पुन्हा येणार म्हणजे आणखी दोन. एका बटाट्याच्या थाळीला सतराशे साठ डॉलर पडत होते. दहाने भागायचं असतं हे घाबरलेल्या माणसाला कुठलं सुचायला! त्याने वहीत बायकांची नावं लिहायची सोडून फक्त रेघा मारायला सुरुवात केली.

ॲरिझोनाहून मुलाचा, पीटचा, फोन आला. आवाज ओलसर होता. "बाबा, हे आत्ता बोलू नये, पण ट्रॅक्टरचा विषय कसा काढावा कळत नाही."

"काढलास की!"

पाळक आले ते गीतांचं पुस्तक घेऊन. दफनाच्या वेळी कुठलं गीत म्हणायचं, असं त्यांनी मऊ आवाजात विचारलं. वीबे म्हणाला, "सगळ्यात लहान असेल ते. आणि येताना चालत या." पाळकांनी हे वाक्य रविवारच्या प्रवचनासाठी टिपून घेतलं.

बुधवारी त्याने दारावर पाटी लावली: मी मरत नाही. ती वाचून बायका रडायला लागल्या. माणूस शेवटी शेवटी असंच म्हणतो, असं प्रत्येकीला आपापल्या नवऱ्याच्या किंवा बापाच्या अनुभवावरून माहीत होतं.

गुरुवारी सीत्से तेर्पस्त्रा आला.

सीत्सेचं घर वीबेच्या खिडकीतून दिसायचं, हाकेच्या अंतरावर. पण मध्ये ते सुप्रसिद्ध कुंपण आणि त्याला लागून ब्लॅकबेरीचं काटेरी रान. पंचाहत्तरीच्या माणसाने त्यातून यायचं म्हणजे सदरा आणि कातडी दोन्हीवर पाणी सोडावं लागलं असतं. त्यामुळे तो रस्त्याने मैलभर वळसा घालून, नळीवरून, गाडीतूनच आला. हातात वाटाण्याच्या सुपाचं पातेलं होतं. अकरा वर्षांनी दोघे समोरासमोर आले होते.

"चाललास म्हणे," सीत्से शेवटी म्हणाला.

"कुठे?"

"वर."

वीबेने तोंड उघडलं. सकाळपासून बेंबीच्या देठापासून ओरडून तो हेच सांगत होता, की कुठेही चाललेलो नाही. पण तेवढ्यात सीत्से म्हणाला, "जायच्या आधी कुंपणाचं बोलायचंय." वीबेने तोंड मिटलं. तो सोफ्यावर आडवा झाला आणि त्याने गोधडी हनुवटीपर्यंत ओढली.

"कुंपणाचं... काय?" आवाज एकदम खोल गेला होता.

"तुझं हर्नियाचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा तू आठवडाभर इस्पितळात होतास. मी सरकवलं. चार फूट."

"अस्सं."

"मला ओसरी बांधायची होती रे. जागा पुरत नव्हती. अर्धी ओसरी तुझ्या जमिनीवर आहे."

"परत सांग. कान गेलेत."

"अर्धी ओसरी तुझ्या जमिनीवर आहे!"

"अजून एकदा. हळू सांग."

सीत्सेने तिसऱ्यांदा सांगितलं आणि रुमालात नाक शिंकरलं. अकरा वर्षं वीबे हेच म्हणत होता आणि अकरा वर्षं गाव त्याला खडूस म्हणत होतं. त्याला इतकं बरं वाटलं की थोडा वेळ खरंच मरायलाही त्याची हरकत नव्हती. आल्ट्ये तेवढी हे ऐकायला हवी होती, असंही वाटलं. ती म्हणायची, सोड रे ते चार फूट.

गडबड अशी झाली की सीत्से डोळे पुसत उठला आणि त्याला टेबल दिसलं. टेबलावर भांडीच भांडी होती, त्यातली पाच चाटूनपुसून साफ.

"हे कोणी खाल्लं?"

"मीच. वाया कशाला घालवायचं?"

"मरणारा माणूस पाच माणसांचे बटाटे खातो?"

"सीत्से, खरं सांगायचं तर..." वीबेने गोधडी बाजूला केली. नळी, यंत्र, साडेनऊ, सगळं सांगितलं. सीत्सेचा चेहरा आधी पांढरा झाला, मग पिकल्या रासबेरीसारखा लाल.

"म्हणजे तू ठणठणीत आहेस? आणि माझ्याकडून वदवून घेतलंस? मी बोललो ते मागे घेतो! सगळं मागे घेतो!"

"चार फूट घेतलंस तेवढं पुरे!"

सीत्से खोक्यावरून उतरताना धडपडला, गाडीत बसला, गेला. पाच मिनिटांनी नळीवरून परत आला, खिडकीतून ओरडला, "आणि सुपात तू मीठही घालू नकोस, त्यात आहे!" आणि पुन्हा गेला. वीबेने वहीत चार रेघा मारल्या.

आता गोष्ट हाताबाहेर चालली होती. वीबेने गेर्ट्येला फोन करून बजावलं, "मी धडधाकट आहे! मला काहीही झालेलं नाही! हे शब्दाला शब्द सगळ्यांना कळव."

तिने शब्दाला शब्द कळवलं. तेविसाव्या फोनपर्यंत त्याचा चमत्कार झाला.

मरणाऱ्या माणसाला बघायला निम्मं गाव आलं होतं, मरणाच्या दारातून परतलेल्याला बघायला सगळं आलं. शिवाय आता भांडी न्यायची होती. शिवाय आनंदाप्रीत्यर्थ बदामाची गुंडाळलेली बिस्किटं आणायची होती, ती वेगळ्या भांड्यांत. शनिवारी चर्चचं गायनमंडळ दोन गाड्यांतून आलं. जागा नसल्यामुळे त्यांनी नळीच्या आतबाहेर चार वेळा गाड्या लावून पाहिल्या आणि मग अंगणात उभं राहून नऊ कडव्यांचं गीत म्हटलं. दफनासाठी निवडलेलं छोटं गीत म्हणायचं वाचल्यामुळे त्यांना मोठं म्हणायला सवड होती.

अकराव्या दिवशी वीबे कचेरीत गेला तेव्हा डार्लीनने त्याला आधी बसायला सांगितलं.

"सातशे बारा," ती म्हणाली. "रोजच्या एकाहत्तर पूर्णांक दोन."

"त्यातल्या दोन तुझ्या! तू कोबीचं आणलं होतंस!"

"मी पण माणूसच आहे, ओम वीबे. आवडलं का?"

"मीठ कमी होतं."

डार्लीनने तक्त्यावरून बोट खाली खाली नेलं. "एवढी वर्दळ घराची धरताच येत नाही. ही इथे येते बघा: 'कॉफीचं दुकान, बसण्याच्या सोयीसह'. एकतीस हजार तीनशे अठ्ठावीस डॉलर."

ओसरी गेलीच, आता घरही जाणार, एवढं वीबेला समजलं. त्याची टोपी मांडीवर होती आणि तो तिची कड बोटांनी फिरवत बसला. त्याला इतकं गप्प डार्लीनने कधी बघितलं नव्हतं, आणि ते तिला शिव्यांपेक्षा वाईट वाटलं. तिने ठरावाचं चोपडं पुन्हा उघडलं आणि शेवटच्या पानापर्यंत वाचलं. ते वाचणारी गावातली ती पहिलीच. सभेनेही ते वाचलेलं नव्हतं.

"कलम एकोणीस," ती म्हणाली. "मर्तिक, लग्न, पूर किंवा गंभीर आजारपण यामुळे वर्दळ वाढली असेल तर मोजणी रद्द. पुन्हा करायची. डॉक्टरचा नाहीतर पाळकाचा दाखला लागेल."

डॉक्टरने वीबेच्या छातीला नळी लावली आणि "तू मला पुरून उरशील" म्हणून बाहेर काढलं. मग वीबे पाळकांकडे गेला.

"पण तू मरत नव्हतास ना," पाळक म्हणाले. "खोटं कसं लिहू?"

"लोकांना वाटत होतं की नाही? तुम्हाला वाटत होतं की नाही?"

पाळकांनी बराच विचार केला, तोंडात पेपरमिंटची गोळी टाकली आणि लिहिलं: 'दाखला देण्यात येतो की उपरोक्त दहा दिवसांत श्री. वीबे हुकस्त्रा हे, मंडळीच्या प्रामाणिक समजुतीप्रमाणे, मरत होते.'

कचेरीने तो मान्य केला. डार्लीनने नळी पुन्हा ठोकली. "या वेळी गाडी घरी ठेवायची," ती म्हणाली. "रस्त्यावर लावणं म्हणजे लबाडी. आणि ही शेवटची मोजणी. यानंतर खरंच मेलात तरी पुन्हा होणार नाही."

गेर्ट्येला निरोप लेखी दिला, आणि तिने तो प्रत्येकीकडून लिहून घेऊन परत वाचून घेतला. दहा दिवस वीबेच्या वाटेवर कोणाचंही चाक लागणार नाही, असं सबंध गावाने ठरवलं. आपल्यामुळे एका म्हाताऱ्याचं घर जाणार होतं, याची सगळ्यांना लाज वाटत होती.

पहिला दिवस कोरा गेला. दुसरा कोरा गेला. वीबे खिडकीशी वही घेऊन बसला आणि त्याने दोन्ही पानांवर मोठ्या अक्षरात 'कोणी नाही' असं लिहिलं. चार वर्षं हेच तर चाललं होतं, मग आत्ताच घर इतकं शांत का वाटतंय, हे त्याला कळेना. कुत्रंसुद्धा आलं नाही. गेर्ट्येने ते बांधून ठेवलं होतं, उगाच जोखीम नको म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या कॉफीला त्याने दोन कप काढले. एक परत ठेवताना त्याला फडताळात एक पातेलं दिसलं. बुडाला चिकटपट्टी: तेर्पस्त्रा. सगळी भांडी गेली होती, हे तेवढं राहिलं होतं, कारण मालक रागावून गेला होता.

दुसऱ्याचं भांडं घरात ठेवून घेणं नॉर्डवेल्डमध्ये चोरीच्या जवळ जातं. वीबे पातेलं घेऊन निघाला.

सीत्से ओसरीवर बसला होता. "ठेव तिथे," तो म्हणाला. वीबेने ठेवलं. "घासलंस का नीट?" "तुझ्यापेक्षा बरं." "कॉफी घेणार?" "तुझी कॉफी म्हणजे गढूळ पाणी." "मग हवी की नको?" "दे."

कॉफी पिताना कुंपण निघालं, आणि वीबे तरातरा उठून घरी आला. घरी आल्यावर त्याला असं काही झणझणीत उत्तर सुचलं की ते न देता जेवण गेलं नसतं. तो परत गेला आणि देऊन आला. दुपारी तीनला पुन्हा कॉफीची वेळ असते. संध्याकाळी सीत्सेकडे लाकडी चकत्या सरकवायचा पट काढला, त्यात सीत्सेने लबाडी केली, त्यावरून वीबे निघून आला, चष्मा विसरला म्हणून परत गेला, चष्म्याबरोबर दोन गोष्टी सुनावून आला. दुसऱ्या दिवशीही असंच. त्याच्या पुढच्या दिवशी तर सकाळीच एक उत्तर सुचलं होतं. सीत्से मात्र गावाच्या ठरावाला जागून एकदाही वीबेकडे आला नाही.

आणि वीबे रोज रात्री जेवणाआधी वहीत न चुकता लिहायचा: 'कोणी नाही.'

अकराव्या दिवशी तो कचेरीत शिरला तो छाती काढून. वही त्याने टेबलावर आपटली. "बघ! दहा पानं. दहा दिवसांत एक माणूस आलेला नाही. आता काढ शून्य, आणि दे माझा परवाना. सुताराला उद्या बोलावलंय."

डार्लीनने यंत्राचा कागद त्याच्यासमोर सरकवला. "पंच्याण्णव."

"काय पंच्याण्णव?"

"फेऱ्या. भागिले दहा. साडेनऊ."

"यंत्र बिघडलंय तुझं! म्हणतोय ना, कोणी आलं नाही!"

"आलं नसेल हो," डार्लीन म्हणाली. "गेलं कोण?"

वीबेने वही उघडली, मिटली. दहा दिवस तो गावातल्या प्रत्येक माणसावर लक्ष ठेवून होता, फक्त एक सोडून. आपण स्वतःही 'कोणी' असतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चार हजार एकशे ऐंशी," डार्लीन हळूच म्हणाली. "पहिल्यांदा सांगितले होते तेवढेच. ओम वीबे, एक विचारू? पंच्याण्णव विषम आहे. म्हणजे एक गाडी गेली ती परत आली नाही. काल पाचला मी नळी काढली तेव्हा दारात तुमची गाडी नव्हती."

"सीत्सेकडे होतो."

"परत भांडायला?"

"नाही." वीबेने टोपी डोक्यावर ठेवली, मग काढली. "आल्ट्येची खुर्ची पोचवायला गेलो होतो. तिची ती वेताची. उशीर झाला मग."

तो चेकबुक काढून लिहायला लागला.

"पण तुमची ओसरी राहिली हो," ती म्हणाली.

"राहिली कशाने? अकरा वर्षांपूर्वीच झालीये. अर्धी माझ्या जमिनीवर आहे, त्यानं तीनदा कबूल केलंय." चेक फाडून त्याने तिच्या हातात दिला. "सुताराला मी दोन पायऱ्याच करायला सांगतो. खोक्याला वास येतो. आणि हे बघ, रस्त्याचे पैसे भरलेत ना मी? मग सीत्सेच्या फाटकासमोर हा एवढा खड्डा आहे तो आधी बुजवा. दिवसातनं दहा वेळा गाडी आदळते माझी."

"साडेनऊ," डार्लीन म्हणाली.

पण वीबे दारापर्यंत पोहोचला होता. दहा वाजत आले होते आणि सीत्से कॉफी फार वेळ उकळत ठेवतो.